उजव्या कानाचे नऊ महिने

२४ जून २०२४, सोमवार. शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. सकाळी उठले तर उजव्या कानात बोळा घातल्यासारखं वाटत होतं, विहिरीत पोहून आल्यावर पाणी राहतं तसं. जांभई दिली, नाक दाबून पाहिलं, फरक पडला नाही. शाळेत गेले, हजेरी घ्यायला लागले आणि काहीतरी बिनसलंय हे तिथं कळलं. "हजर बाई" ऐकू येत होतं, पण ते कुठून आलं ते कळत नव्हतं. सगळी मुलं जणू डाव्या भिंतीला टेकून बसली होती.

मी फलटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथी शिकवते. वय ४४. हे सगळं घडत होतं तेव्हा मराठीत खूप शोधलं. आधी काय करायचं, मग काय, किती दिवस लागतात, किती खर्च येतो, असं सलग लिहिलेलं काही सापडलं नाही. म्हणून वहीतल्या नोंदी काढून हे लिहीत आहे.

त्याच संध्याकाळी गावातल्या डॉक्टरांकडे गेले. सर्दी कानात उतरली असेल म्हणाले. थेंब दिले, गोळ्या दिल्या आणि पाच दिवसांनी यायला सांगितलं. मलाही ते पटलं, कारण दुखत नव्हतं. तिसऱ्या रात्री मात्र कानात आवाज सुरू झाला. शेतात रातकिडे ओरडतात तसा, पण एकाच सुरात आणि न थांबणारा. आधी वाटलं फ्रिजचा असेल. उठून फ्रिज बंद केला. मग पंखा बंद केला. मग अंधारात ओट्याजवळ उभी राहिले आणि समजलं, हा आवाज घरात नाही. त्या रात्री मी फार घाबरले होते.

शुक्रवारी, २८ तारखेला, भावाचा फोन उजव्या कानाला लावला तर काहीच नाही. डाव्याला लावला तर तो व्यवस्थित बोलत होता. तशीच एसटीने बारामतीला गेले, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे.

त्यांनी काट्यासारखं दोन पात्यांचं धातूचं उपकरण, ट्यूनिंग फोर्क, गुडघ्यावर आपटून माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवलं. "आवाज कुठं येतोय?" मी म्हणाले, डावीकडे. त्यांनी परत टेकवलं, परत विचारलं. परत डावीकडेच. मग त्यांनी समजावलं. मळ किंवा सर्दीने कान बंद झाला असता, तर हा आवाज बंद कानाकडे गेला असता. तो चांगल्या कानाकडे जातोय, म्हणजे अडचण आतल्या कानात किंवा नसेत आहे.

हे घरीही ढोबळमानाने पाहता येतं. एक कान अचानक बंद झाला, तर तोंड मिटून "हंऽऽ" असा आवाज काढा. तो बंद कानात घुमला तर बहुधा मळ-सर्दी असते. चांगल्या कानाकडे गेला तर त्याच दिवशी कानाचा डॉक्टर गाठा. हे निदान नव्हे, पण मला ते सोमवारी माहीत असतं तर चार दिवस वाचले असते.

शेजारच्या खोलीत ऑडिओग्राम काढला. काचेची केबिन, हेडफोन, हातात बटण. टूं ऐकू आलं की दाबायचं. डावा कान १५ डेसिबलला, म्हणजे उत्तम. उजवा सरासरी ७५; आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. पडद्याची तपासणी केली, ती व्यवस्थित होती. ऑडिओग्रामचे ६०० आणि पडद्याच्या तपासणीचे ४०० रुपये लागले. आजाराचं नाव सांगितलं, अचानक येणारा संवेदी बहिरेपणा. ७२ तासांच्या आत, आवाजाच्या लागोपाठच्या तीन पट्ट्यांवर, म्हणजे सुरांच्या उंचीवर, ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऐकणं कमी झालं की त्याला हे नाव देतात. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावा लागतो. मी पाचव्या दिवशी पोचले होते.

साखर तपासून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. माझ्या वजनाला ६० मिलिग्रॅम, सकाळी न्याहारीनंतर एकदम. दहा दिवस पूर्ण, मग हळूहळू कमी. मध्येच बंद करायच्या नाहीत हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं. झोप उडते आणि भूक भलतीच लागते, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. रात्री दोनला भाकरी खाताना मला वाटायचं, आता आणखी काहीतरी नवीन बिघडलं.

५ जुलैला पुण्यात एमआरआय केला. कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी तो करतात. ८,५०० रुपये, रंगद्रव्याच्या इंजेक्शनसकट. आधी रक्ताची क्रिएटिनिन तपासणी (मूत्रपिंडं नीट चालतात का ते पाहणारी) लागते, ती गावाहूनच करून न्या, नाहीतर तिथं दोन तास बसावं लागतं. यंत्रात पस्तीस मिनिटं पडून होते. बाहेरचा धडधडाट एवढा, तरी आतले रातकिडे थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, गाठ नाही. आई फोनवर रडली.

८ तारखेचा ऑडिओग्राम ६२. थोडं परतलं होतं, पुरेसं नव्हतं. मग पडद्यातून थेट मधल्या कानात स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायचं ठरलं. चार, प्रत्येकी २,५०० रुपये. ११, १५, १८ आणि २२ जुलै. ऐकून पोटात गोळा येतो, पण पडदा आधी बधिर करतात. सुई टोचल्याचं कळलंच नाही. औषध आत गेल्यावर मात्र काही सेकंद खोली गरगर फिरते, घशात कडू चव उतरते. मग कान वर करून अर्धा तास पडून राहायचं, बोलायचं नाही, आवंढा गिळायचा नाही. सोबत कोणीतरी न्या. परतीच्या एसटीत एकटं जाऊ नका.

याच काळात माउलींची पालखी फलटणला आली. दरवर्षी आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहतो. त्या वर्षीही गेले. टाळ-मृदंग, हरिनाम, पोलिसांच्या शिट्ट्या, चहाच्या गाड्यांवरचे भोंगे, सगळं मिळून एकच लगदा झाला होता. शेजारी उभ्या असलेल्या जाऊबाई काहीतरी सांगत होत्या, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. आवाज कमी नव्हता, उलट जास्तच होता. पण त्यातला एकही धागा वेगळा काढता येत नव्हता. दहा मिनिटांत मी घरी परतले. डावा कान पूर्ण चांगला असताना असं का व्हावं, हा प्रश्न तिथून माझ्या डोक्यात बसला.

रजेचं एकदा सांगते, कारण शिक्षक भगिनींना ते लागेल. २८ जून ते २३ जुलै, २६ दिवसांची परिवर्तित रजा घेतली. ती अर्धवेतनी रजेतून दुपटीने वजा होते, म्हणजे माझे ५२ दिवस गेले. डॉक्टरांच्या दाखल्यावर "विश्रांतीची गरज आहे" एवढंच होतं, "पासून-पर्यंत" तारखा नव्हत्या. म्हणून प्रस्ताव परत आला. दुसरा दाखला आणला तर त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नीट उमटला नव्हता. तिसऱ्या खेपेला तो मार्गी लागला. तोवर त्या महिन्याचा पगार अडकला. दाखला हातात पडताच तिथंच उभं राहून पाहा: नाव सेवापुस्तकातल्यासारखं, दोन्ही तारखा, आजाराचं नाव, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. आणि हजर होण्याच्या दिवशी तंदुरुस्तीचा दाखला सोबत हवा.

आरोग्य विम्याने काहीच दिलं नाही. माझ्या पॉलिसीत २४ तास दाखल असल्याशिवाय पैसे मिळत नाहीत आणि माझे सगळे उपचार बाह्यरुग्ण म्हणून झाले. पॉलिसीत ते लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

२४ जुलैला शाळेत गेले. बाहेर पाऊस, वर पत्रा, समोर एकतीस मुलं. पहिल्या तासाला "सात" आणि "साठ" मला एकच ऐकू आलं. एका मुलीने उत्तर बरोबर सांगितलं होतं आणि मी तिला चूक म्हणाले. तिचा चेहरा उतरला. मधल्या सुट्टीत मी वर्गातच बसून राहिले.

६ ऑगस्टला ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडे, पहिली सविस्तर बैठक झाली. तोवर उजवा कान ५५ वर येऊन थांबला होता. खालच्या पट्टीचे आवाज बरेच परतले होते. उंच पट्टीचे नाहीत, आणि स, श, त, ठ यांची ओळख त्याच उंच पट्टीत असते. त्यांनी बेरा तपासणी केली, १,५०० रुपये. कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवतात, कानात टकटक वाजवतात, आपण डोळे मिटून पडायचं. संगणकाच्या पडद्यावर लाटा उमटतात. टकटक झाल्यापासून दहा मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात, संदेश नसेतून मेंदूच्या खोडातली ठाणी ओलांडून वर जातो आणि प्रत्येक ठाण्याची एकेक लाट दिसते. माझी पाचवी लाट किंचित उशिरा, पण होती.

मग त्यांनी माझा रातकिडा मोजला. वेगवेगळे सूर ऐकवत विचारत गेल्या, "याच्यासारखा? की त्याच्यासारखा?" सहा हजार हर्ट्झच्या आसपास जुळला. त्यानंतर तो किती मोठा आहे ते जुळवलं. माझ्या अंदाजाने तो प्रेशर कुकरच्या शिट्टीएवढा होता. निघाला मला जेमतेम ऐकू येईल त्याच्या फक्त सहा डेसिबल वर.

"एवढासा?" मी विचारलं.

"बहुतेकांचा एवढाच असतो, मॅडम," त्या म्हणाल्या. "तो कानात मोठा नाहीये. वर, मेंदूत, त्याला मोठं केलं जातंय."

या एका वाक्यापाशी माझी भीती पहिल्यांदा थोडी सैल झाली. त्या दिवशी आणि पुढच्या बैठकांमध्ये त्यांनी जे समजावलं, आणि नंतर मी जे वाचलं, ते माझ्या शब्दांत लिहिते. उपचाराइतकाच मला त्याचा उपयोग झाला.

आतल्या कानात आवाज नसेला देणाऱ्या केसपेशी, म्हणजे डोक्यावर बारीक केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, सुमारे साडेतीन हजार असतात. त्यांच्या शेजारी बारा हजारांच्या आसपास बाहेरच्या केसपेशी असतात, त्या लांब-आखूड होऊन बारीक आवाज वाढवून देतात. माणसात मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. माझ्या उजव्या कानातल्या उंच पट्टीच्या बहुधा गेल्या आहेत. पण ऐकणं तिथं संपत नाही. नसेतून संदेश मेंदूच्या खोडात जातो, तिथून मध्यमेंदूत, मग मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमस नावाच्या भागात आणि शेवटी बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात. खोडातल्याच एका ठाण्यावर दोन्ही कानांची तुलना होते. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोचतो. तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. माझं एक पारडंच हलकं झालं होतं, म्हणून सगळी मुलं डाव्या भिंतीकडे गेली होती. पालखीतही तेच झालं. गर्दीत एक आवाज निवडायला मेंदू दिशेचा फार आधार घेतो.

मला सर्वांत नवीन होतं ते उलट दिशेचं. शिकलो होतो की कान ऐकतो आणि मेंदूला कळवतो. पण मेंदूकडून कानाकडेही तंतू येतात. १९४६ मध्ये रासमुसेन नावाच्या शास्त्रज्ञाने खोडातून थेट आतल्या कानात उतरणारे तंतू दाखवून दिले. ते त्या बाहेरच्या केसपेशींना सांगतात, वाढवणं जरा कमी करा. बाह्यकातून थॅलॅमसकडे तर वर येणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त तंतू खाली उतरतात. थॅलॅमसभोवती पेशींचं एक पातळ कवच आहे, त्यांचं काम फक्त थोपवणं. डीएनएची रचना उलगडणाऱ्या फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ मध्ये कल्पना मांडली की लक्षाचा प्रकाशझोत कुठं पडावा हे हे कवच ठरवत असावं. म्हणजे आवाज वर जाताना वाटेत दारं आहेत, आणि दारांची दोरी बरीचशी वरच्यांच्या हातात आहे. २०१२ मध्ये मेसगरानी आणि चँग यांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी मेंदूवर तारा बसवलेल्या रुग्णांना दोन माणसांचं बोलणं एकत्र ऐकवलं. श्रवणाच्या बाह्यकातल्या नोंदींत प्रामुख्याने ज्याच्याकडे लक्ष होतं त्याचंच बोलणं उमटलेलं दिसलं. दुसरा माणूस कानात शिरला होता, पण वर फिका होऊन पोचला होता.

आणि रातकिडे? कानाकडून येणारा माल कमी झाला की वरची ठाणी आपला आवाज वाढवतात, दूरचं आकाशवाणी केंद्र लागत नसलं की आपण बटण पिरगाळतो तसं. मग खरखरही वाढते. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना अगदी नि:शब्द खोलीत बसवलं, तर त्यातल्या ९४ टक्के जणांना कुठलातरी आवाज ऐकू आला. खरखर बहुतेकांच्यात असते, एरवी ती दारातच थांबते. माझी आत आली आणि मी तिला घाबरले. जे भीतीचं, ते मेंदू महत्त्वाचं धरतो आणि पुन्हा पुन्हा पुढे पाठवतो.

म्हणून काय करायचं, तर शांततेत बसायचं नाही. मला हे उलटं वाटलं होतं. मी महिनाभर दारं-खिडक्या लावून झोपत होते आणि आवाज वाढतच होता. आता रात्री रेडिओ अगदी हळू लावते, रातकिडे बुडणार नाहीत, शेजारी ऐकू येतील इतपतच. डाव्या कुशीवर झोपत नाही, कारण चांगला कान उशीत दबला की आत फक्त रातकिडेच उरतात.

दुसरा भाग सरावाचा. बारा बैठका, प्रत्येकी ५००. घरी रोज वीस मिनिटं. अहो माझ्या उजव्या हाताला बसून पेपर वाचायचे, टीव्ही चालू, आणि मी ऐकलेलं वाक्य परत म्हणायचं. मग शब्दांच्या जोड्या: सात-साठ, साल-शाल, ताट-पाट. पहिल्या आठवड्यात दहातले चार बरोबर यायचे. डोकं दुखायचं, चिडचीड व्हायची, दोनदा मी पेपर ओढून टाकून दिला. त्यांनी तो उचलून घडी घालून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी परत उजवीकडे येऊन बसले.

श्रवणयंत्राची सप्टेंबरमध्ये दहा दिवस चाचणी घेतली. अनामत देऊन घरी वापरायला देतात. चाचणीशिवाय घेऊ नका, आणि ते यंत्र दुकानात नव्हे, आपल्या खऱ्या जागी वापरून बघा. मी वर्गात वापरलं. पहिले दोन दिवस बाक सरकल्याचा आवाज अंगावर यायचा. १८ नोव्हेंबरला ४२,००० रुपयांना घेतलं. सहकाऱ्यांनी दिव्यांग प्रमाणपत्राचं सुचवलं होतं. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांचं ऐकणं ६० डेसिबलपलीकडे गेलेलं असावं लागतं. माझा डावा कान चांगला आहे, त्यामुळे मी अर्ज केला नाही.

वर्गात काही बदल केले. माझी खुर्ची उजव्या भिंतीला लावली, म्हणजे सगळी मुलं डावीकडे आली. हजेरीला हात वर करायचा नियम केला. आणि मुलांना खरं सांगितलं, की बाईंचा एक कान आजारी आहे. लपवण्यात मी जुलै आणि ऑगस्ट घालवले होते. सांगितल्यावर "सात बाई, आठाच्या आधीचं सात" असं मुलं आपणहून बोलायला लागली.

जानेवारीत एका दुपारी, मधल्या सुट्टीत, मी नळापाशी उभी होते. मैदानावर नेहमीचा कल्ला. "बाई" अशी हाक आली आणि मी वळले. उजवीकडे वळले. तिथंच तो चौथीतला मुलगा उभा होता, चप्पल तुटलेली घेऊन. मी त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिले की तो बावरला.

२५ मार्च २०२५ चा ऑडिओग्राम आला आहे. उजवा कान ५५. ऑगस्टपासून रेघ तिळभर हललेली नाही. गोंगाटात शब्द ओळखण्याची चाचणी ऑगस्टमध्ये शंभरातले ४० होती, आता श्रवणयंत्र लावून ६८ आहे. रातकिडे आहेतच, पण पाढे घेताना मी त्यांना विसरते, आणि परवा भाकऱ्या संपेपर्यंत ते आठवले नव्हते.

प्रवास सोडून आतापर्यंत ७५,४०० रुपये झाले: तज्ज्ञांच्या पाच भेटी २,५००, पाच ऑडिओग्राम ३,०००, गोळ्या आणि रक्ततपासण्या १,५००, बाकीचे वर दिलेच आहेत. सगळे कागद एकाच फाईलमध्ये तारखेनुसार लावले आहेत, पहिला ऑडिओग्राम सर्वांत वर. नवीन डॉक्टर आधी तोच मागतात. पुढची तपासणी सप्टेंबरमध्ये आहे.